पैसे भरून घेतलेल्या स्लीप प्रोग्रामने बाळ रात्री उठायचं थांबतं का?

तुमचा प्रश्न असा : बाळ आठ महिन्यांचं आहे, रात्री सहा-सात वेळा उठतं, कडेवर घेतल्याशिवाय किंवा पाजल्याशिवाय परत झोपत नाही. पैसे भरून एखादा स्लीप प्रोग्राम, म्हणजे बाळाला आपलंआपण झोपायला शिकवायची तयार योजना, घेतला तर फायदा होईल का?

मी घेतला होता. रात्री पावणेतीन वाजता, डाव्या हातावर मुलगी आणि उजव्या हातात मोबाइल. त्या घटकेला मला कुणी चंद्रावरचा प्लॉट दाखवला असता तरी मी ओटीपी टाकून मोकळा झालो असतो. म्हणून पहिला सल्ला एवढाच : घ्यायचा की नाही हे दुपारी ठरवा.

आता उत्तर. फरक पडतो, बऱ्याच घरांत पडतो. पण ज्यामुळे पडतो ती गोष्ट विकत घेण्यासारखी नसते. आणि ‘उठायचं थांबतं का’ म्हणाल, तर नाही. कुठलंच बाळ उठायचं थांबत नाही.

हे शेवटचं वाक्य मला आधी कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. मोठ्या माणसाच्या झोपेचं एक आवर्तन साधारण दीड तासाचं असतं, बाळाचं ५०-६० मिनिटांचं. प्रत्येक आवर्तनाच्या शेवटी झोप पातळ होते. आपणही तेव्हा कूस बदलतो, पांघरूण ओढतो, सकाळी काही आठवत नाही. १९७९ मध्ये अमेरिकेत थॉमस अँडर्स यांनी बाळांचं रात्रीचं व्हिडिओ चित्रण तपासलं, तेव्हा ‘आमचं बाळ रात्रभर झोपतं’ असं ज्यांचे आईवडील सांगत होते ती बाळंही मध्ये जागी होताना दिसली. त्यांतली काही इकडेतिकडे बघून न रडता परत झोपत होती, एवढंच.

२०१५ मध्ये कॅनडातल्या एका अभ्यासात हीच गोष्ट दुसऱ्या बाजूने दिसली. सहा ते आठ महिन्यांच्या बाळांची २३५ कुटुंबं होती. त्यांतल्या निम्म्यांना झोपेच्या सवयींबद्दल शिकवलं, आणि दोन्ही गटांतल्या बाळांना हालचाल टिपणारं छोटं यंत्र लावलं. शिकवलेल्या गटातल्या आईवडिलांच्या डायरीत जागरणं चांगलीच कमी झाली. यंत्राने मोजलेल्या जागरणांत मात्र दोन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक नव्हता. म्हणजे बाळं जागी होतच होती, हाका मारत नव्हती. सगळ्या प्रोग्रामांचं यश या एका फरकात आहे. तो फरक छोटा नाही हं, रात्री सहा वेळा उठणाऱ्या माणसाला विचारा. पण जाहिरातीत लिहिलेलं असतं ते हे नव्हे.

बाळ हाक का मारतं? आमच्याकडचा सोहळा सांगतो. मुलगी खांद्यावर झोपली की मी दहा मिनिटं तिचे श्वास ऐकत उभा राहायचो. मग वाकून आधी पावलं गादीला टेकवायची, मग ढुंगण, मग पाठ, सगळ्यात शेवटी डोकं. डोक्याखाली अडकलेला तळहात एकेक बोट करून काढायचा, त्यात अजून तीन मिनिटं. करंगळी निघाली की डोळे टक्क उघडे. आणि त्यातूनही झोपलीच, तर तासाभराने झोप पातळ झाल्यावर तिला कळायचं की खांदा गेला. खांद्यावर झोपलेल्या माणसाला खांदाच हवा असणार, तिचं काय चुकलं? झोप लागतानाची स्थिती आणि मधेच जाग येतानाची स्थिती जमेल तितकी सारखी ठेवायची, बाळाला पेंगुळलेलं पण जागं असतानाच खाली ठेवायचं, हे या सगळ्या उद्योगाचं मूळ सूत्र आहे.

त्या सूत्रापर्यंत जायच्या वाटा तीन-चारच आहेत. रडू द्यायचं आणि वाढत्या अंतराने जाऊन धीर द्यायचा, ही बोस्टनच्या रिचर्ड फर्बर यांनी १९८५ पासून लोकप्रिय केलेली वाट. जवळ खुर्ची टाकून बसायचं आणि रोज खुर्ची थोडी दूर न्यायची, ही दुसरी. बाळाला खरोखर झोप येते त्या उशिराच्या वेळेलाच झोपवायचं आणि ती वेळ हळूहळू अलीकडे आणायची, ही तिसरी, आणि माझ्या मते सगळ्यात कमी त्रासाची. बाकी रोजचा ठरलेला क्रम : आंघोळ, दिवे मंद, गाणं, बिछाना. मी घेतलेल्या ५८ पानांच्या पीडीएफमध्ये याखेरीज काही नव्हतं, बाकीची पानं ढगांची आणि चंद्राची.

हो, ती पीडीएफ. ‘तुमच्या बाळासाठी खास तयार केलेली योजना’ होती. पान ३१ वर आमच्या मुलीच्या नावाच्या जागी कुणा भलत्याच मुलाचं नाव राहून गेलेलं. बायको कित्येक महिन्यांत पहिल्यांदा पोट धरून हसली, तेवढे पैसे वसूल झाले. त्या मुलाच्या आईवडिलांच्या पान ३१ वर आमच्या लेकीचं नाव आहे का, हे आम्ही अजून अधूनमधून एकमेकांना विचारतो.

पुढचं हसण्यासारखं नाही. तिसऱ्या रात्री ती चाळीस मिनिटं रडली, नेहमीपेक्षा वेगळ्या आवाजात. आम्ही ‘सपोर्ट’च्या नंबरवर मेसेज टाकला. सकाळी नऊला उत्तर आलं : ‘छान चाललंय, सातत्य सोडू नका.’ अकरा वाजता डॉक्टरांनी कानात बघितलं, पडदा लाल झालेला. कानात संसर्ग असलेलं बाळ आडवं केलं की त्याला जास्त दुखतं, आणि आम्ही त्याला रात्रभर आडवं ठेवायचं सातत्य पाळत होतो. प्रवेश घेताना भरलेल्या फॉर्ममध्ये बाळाच्या झोपेच्या वेळांबद्दल बावीस प्रश्न होते, तब्येतीबद्दल एकही नव्हता.

तेव्हा पैसे कुठेही घालण्याआधी बालरोगतज्ज्ञांकडे जा आणि रात्रीच्या जागरणांसाठीच म्हणून जा, लसीच्या वेळी उभ्याउभ्या विचारू नका. कान, त्वचेची खाज, दूध वर येणं, घोरणं किंवा तोंडाने श्वास घेणं, अंगातलं लोह कमी असणं, वजन नीट न वाढणं : यांतलं काही असेल तर जगातला कुठलाही प्रोग्राम उपयोगाचा नाही. रात्रीचं पाजणं बंद करायचं की नाही हेही तिथेच विचारा. आठ महिन्यांच्या काही बाळांना एखादं रात्रीचं पाजणं अजून लागतं.

रडू दिल्याने बाळाच्या मनावर कायमचा ओरखडा उठतो का, ही भीती तुम्ही लिहिलेली नाही, पण असणार. २०१६ मध्ये ऑस्ट्रेलियात ४३ बाळांवर एक अभ्यास झाला, त्यात ताणाचं संप्रेरक वाढलेलं दिसलं नाही आणि वर्षभराने आईशी असलेल्या नात्यातही फरक आढळला नाही. अभ्यास लहान आहे, हे धरून चाला. त्याहून मोठा मेलबर्नचा. तिथल्या ३२६ बाळांपैकी २२५ जणांना सहाव्या वर्षी पुन्हा तपासलं तेव्हा झोपेची पद्धत शिकवलेल्या आणि न शिकवलेल्या मुलांत काही फरक नव्हता. वाईटही नाही, चांगलाही नाही. विकणारे यातलं पहिलं अर्धं सांगतात. दुसऱ्या अर्ध्याचा अर्थ असा की, तुम्हाला हे जमलं नाही किंवा करावंसंच वाटलं नाही तरी बाळाचं काही बिघडत नाही. फायदा झाला तो त्या पहिल्या काळात, आणि त्यातही आयांना : त्यांच्यातली नैराश्याची लक्षणं कमी झाली. आणि मेलबर्नमध्ये हे शिकवलं कुणी? माता-बाल आरोग्य केंद्रातल्या नेहमीच्या नर्सनी. पैसे न घेता.

म्हणून बाळाच्या आधी बाळाच्या आईकडे बघा. बाळ झोपलेलं असतानाही तिला (किंवा तुम्हालाच, प्रश्न कुणी विचारलाय ते मला कळलं नाही) झोप लागत नसेल, सारखं रडू येत असेल, तर तो बाळाच्या झोपेचा प्रश्न राहिलेला नाही. बाळंतपणानंतरचं नैराश्य ओळखणारी एडिंबरा स्केल नावाची दहा प्रश्नांची साधी चाचणी डॉक्टर पाच-दहा मिनिटांत करून घेतात.

आमच्याकडे काय चाललं ते सांगतो. कान बरा झाल्यावर आम्ही पीडीएफ मिटली आणि एक वही घेतली. आठवडाभर रात्री फक्त वेळ आणि कारण लिहायचं. ‘ती दर तासाला उठते’ असं आम्ही सगळ्यांना सांगत होतो. वहीत सरासरी सहा निघाली. आणि त्या सहापैकी दोन-तीन वेळा ती उठलीच नव्हती. ती नुसती चाळवायची, डोळे मिटलेलेच, कुरकुर करत मान इकडून तिकडे, आणि आम्ही अग्निशमन दलासारखे धावत जाऊन तिला उचलायचो. उचलल्यावर कोण झोपेल? मग आम्ही नियम केला : आवाज आला की आधी स्टॉपवॉच चालू करायचं, दीड मिनिट हात लावायचा नाही. अंधारात स्टॉपवॉचकडे बघत ती नव्वद सेकंदं काढणं फार अवघड जातं, सांगून ठेवतो. पण निम्म्या वेळा साठच्या आतच आवाज बंद व्हायचा.

दुसरं, रात्रीच्या पहिल्या जागरणाला बायकोऐवजी मी जायला लागलो. माझ्याकडे दूध नाही, हे मुलीला लवकर समजलं. पहिल्या दोन रात्री तिने मनसोक्त निषेध नोंदवला, मी थोपटत बसलो. तिसरं ते पेंगुळलेलं असताना खाली ठेवणं. तीन आठवड्यांत सहाची दोन झाली. पण एक गंमत लक्षात ठेवा : त्या तीन आठवड्यांत ती तीन आठवड्यांनी मोठीही झाली होती. श्रेय वहीचं की वयाचं, मी शपथेवर सांगणार नाही. प्रोग्राम विकणारे मात्र सांगतात, कारण माणूस पैसे भरतो तो सगळ्यात वाईट आठवड्यात, आणि सगळ्यात वाईट आठवड्यानंतरचा आठवडा बहुधा त्याहून बरा असतो.

मग कुणीच घेऊ नये का? घरात नवराबायकोचं एकमत होत नसेल, एक म्हणतोय रडू दे आणि दुसरा म्हणतोय आण इकडे, तर तिऱ्हाइताचा शब्द कामाला येतो. ज्ञान फुकट मिळतं, पण पहाटे तीनला ‘आता काय करू’ हे ठरवायची ताकद उरलेली नसते, आणि ती उसनी घ्यायला काही लोक पैसे देतात. मला ते समजतं. पण घेणार असाल तर समोरच्याला विचारा की तुमचं मूळ शिक्षण काय. बहुतेक देशांत ‘स्लीप कन्सल्टंट’ व्हायला परवाना लागत नाही, चार आठवड्यांचा ऑनलाइन कोर्स करूनही कुणी ती पाटी लावू शकतो. चार महिन्यांच्या आतल्या बाळालाही झोपायला शिकवतो म्हणणारा, हमी देणारा, वजनाने जड केलेलं दुपटं किंवा उतरता बिछाना किंवा पालथं झोपवणं सुचवणारा दिसला तर तिथूनच परत फिरा. उताणं, सपाट आणि घट्ट गादीवर, आसपास उशी-खेळणी काही नाही : अमेरिकन बालरोग अकादमीने २०२२ मध्ये पुन्हा हेच सांगितलं आहे, आणि जड दुपट्यांना स्पष्ट नाही म्हटलं आहे.

आणि आकड्यांच्या बाबतीत मनाला थोडं सैल सोडा. कॅनडातल्या २०१८ च्या एका अभ्यासात सहा महिन्यांची ३८ टक्के बाळं सलग सहा तास झोपत नव्हती, वर्षाची झाल्यावरही २८ टक्के नव्हती, आणि त्यांच्या विकासात त्यामुळे काही कमी आढळलं नाही. तुमच्या बाळाचं जागं होणं म्हणजे आजार नव्हे. सहा-सात वेळा हे जास्त आहे, दोन वेळा हे नाही.

आमची ती उरलेली दोन जागरणं मी तशीच राहू दिली. एकदा पाजणं, एकदा थोपटणं. ती चौदाव्या महिन्याच्या आसपास कधीतरी गेली. नक्की कुठल्या रात्री ते सांगता येत नाही, कारण आम्ही दोघंही झोपलो होतो.