मिरजेच्या उरुसातल्या संगीतसभेला पहिल्यांदा जाताना

तिकीट-बिकीट काही नसतं, थेट मीरासाहेब दर्ग्याच्या आवारात जाऊन बसायचं. तारीख तेवढी आधी विचारून घे. उरूस हिजरी महिन्यांप्रमाणे येतो, दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. शाल आणि सतरंजी घेच, मध्यरात्रीनंतर बूड गारठतं. कलाकार इथे हजेरी लावायला, म्हणजे सेवा म्हणून गायला-वाजवायला येतात, त्यामुळे एखादा नवखा सूर चाचपडत असला तरी अर्ध्यातून उठू नकोस. मोबाइल खिशात ठेव (ती रेकॉर्डिंगं कुणी परत ऐकत नाही, खरं सांगतो). १९३७ साली गेलेल्या किराणा घराण्याच्या थोर गायकाची, अब्दुल करीम खाँसाहेबांची कबर याच आवारात आहे, तिथे आधी जाऊन ये. सकाळी सतारमेकर गल्लीत चक्कर मार. वाद्यांना मात्र विचारल्याशिवाय हात लावू नकोस, रोगण ओलं असतं.