वापरलेलं, कस्टम केलेलं कोल्ट .४५ पिस्तूल घ्यावं का? काम कुणाचं आहे हे कसं ओळखायचं?

तुम्ही लिहिलंय की ह्यूस्टनजवळच्या एका दुकानात जुनं कोल्ट गव्हर्नमेंट मॉडेल, म्हणजे १९११ पद्धतीचं .४५ पिस्तूल, विकायला आहे. सिरियल नंबरात ७० आणि जी आहे, नेम धरायची मागची साइट ॲडजस्टेबल आहे, ट्रिगर गार्ड (ट्रिगरभोवतीचं कडं) पुढून चौकोनी केलेला आहे, वरून हार्ड क्रोमचा मुलामा आहे. चिठ्ठीवर फक्त 'कस्टम' आणि १,९०० डॉलर एवढंच लिहिलंय. काम कुणी केलं हे दुकानदाराला सांगता येत नाही.

माझं उत्तर: बघायला जरूर जा, पण पैसे देऊन येऊ नका. आधी ते उघडून बघायची परवानगी मागा. परवानगी नसेल तर तो सौदा सोडून द्या, कारण कस्टम पिस्तुलाची खरी किंमत आतच असते.

मी टेक्ससमध्ये राहते आणि क्लबात बुल्सआय नेमबाजी करते. एका हातानं, २५ आणि ५० यार्डांवरून, आणि त्यात .४५ लागतंच. माझे वडील किर्लोस्करवाडीला फिटर होते. दोन भाग एकमेकांत नीट बसले आहेत की नाही हे ते डोळे मिटून, हातानं हलवून सांगायचे. १९११ पिस्तूल पहिल्यांदा हातात घेतलं तेव्हा मला त्यांचीच आठवण झाली. हे सगळं कानशीचं काम आहे. चांगल्या कानशीचं आणि वाईट कानशीचंही.

सगळ्यांत आधी एक कायद्याची गोष्ट, कारण आपल्या लोकांचा इथे घोटाळा होतो. तुम्ही एच-१बी, एल-१ किंवा एफ-१ वर असाल, तर अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यानुसार बंदूक विकत घेणं तर सोडाच, जवळ बाळगणंही गुन्हा आहे. वैध शिकारीचा परवाना वगैरे मोजके अपवाद आहेत. त्यांचा आधार घ्यायचा असेल तर वकिलाला विचारूनच. ग्रीन कार्ड असेल तर घेता येतं. दुकानात फॉर्म ४४७३ हा खरेदीदाराचा केंद्रीय फॉर्म भरावा लागतो आणि पार्श्वभूमीची तपासणी होते. 'माझ्या नावावर जमत नाही, तू तुझ्या नावावर घे' असं मित्राला कधीही सांगू नका. तो दोघांचाही गुन्हा ठरतो.

आता पिस्तूल. त्याकडे दोन वेगळ्या वस्तू म्हणून बघा: एक कारखान्यानं बनवलेली, दुसरी नंतर कुणीतरी तिच्यातून घडवलेली. दोन्हींची ओळख वेगवेगळी पटवावी लागते.

कारखान्याची बाजू सोपी आहे. जॉन ब्राउनिंगची ही रचना अमेरिकी सैन्यानं १९११ मध्ये स्वीकारली, म्हणून नाव १९११. तुमच्या नंबरातल्या ७० वरून ते सिरीज ७० दिसतं, म्हणजे १९७० ते १९८३ या काळातलं. नंबर फ्रेमच्या, म्हणजे खालच्या सांगाड्याच्या, उजव्या बाजूला असतो. आता स्लाइडच्या, म्हणजे वरच्या मागेपुढे सरकणाऱ्या भागाच्या, डाव्या बाजूची अक्षरं बघा. तिथेही सिरीज '७० लिहिलेलं हवं. वर सिरीज ८० ची स्लाइड आणि खाली सिरीज ७० ची फ्रेम अशी जोडणीही सापडते. सिरीज ८० च्या स्लाइडमध्ये खालच्या बाजूनं फायरिंग पिन (काडतुसावर आदळणारी पिन) अडवणारा एक छोटा गोल प्लंजर दिसतो. ७० मध्ये तो नसतो. जोडणी असली म्हणून पिस्तूल वाईट ठरत नाही, पण मग ते 'सिरीज ७० कोल्ट' म्हणून विकता कामा नये.

हार्ड क्रोम आहे म्हणून नंबर नीट वाचा. क्रोम चढवण्याआधी धातू घासतात, आणि घासणाऱ्याचा हात जड असेल तर अक्षरं बोथट होतात. बोथट चालतील. पण नंबर खोडलेला, बदललेला किंवा वाचताच येत नसलेला असेल तर तिथून तसेच बाहेर पडा. तसं पिस्तूल जवळ ठेवणंसुद्धा गुन्हा आहे.

हवं तर कोल्ट कंपनीकडून पैसे भरून त्यांच्या दप्तरातलं पत्र मागवता येतं. पिस्तूल कारखान्यातून कधी आणि कुणाकडे गेलं हे त्यात कळतं. नंतर कुणी काय केलं हे मात्र त्यात येणार नाही. दुकानदार 'पत्र आहे' म्हणाला तर एवढं लक्षात ठेवा.

कुणी घडवलं, हा तुमचा मूळ प्रश्न. पहिला सुगावा शैलीचा. चौकोनी ट्रिगर गार्ड आणि हार्ड क्रोम हे १९७० च्या दशकाचं आणि ८० च्या सुरुवातीचं रूप आहे. तेव्हा दोन हातांनी पकडताना आधाराच्या हाताची तर्जनी गार्डच्या पुढच्या बाजूला टेकवायची पद्धत होती, म्हणून तो भाग चौकोनी करून त्यावर रेघा पाडत. १९७६ मध्ये मिझुरीतल्या कोलंबियाला आयपीएससी ही प्रॅक्टिकल नेमबाजीची संघटना स्थापन झाली आणि अशा पिस्तुलांची मागणी वाढली. कॅलिफोर्नियात आर्मंड स्वेन्सन यांनी चौकोनी गार्ड आणि दोन्ही बाजूंची सेफ्टी लोकप्रिय केली. लुइझियानात जिम क्लार्क बुल्सआयची पिस्तुलं घडवत. आर्कान्सामधल्या बेरीव्हिलला बिल विल्सन यांनी १९७७ मध्ये काम सुरू केलं. पण चौकोनी गार्ड दिसला म्हणून 'स्वेन्सनचं काम' असं कुणी म्हणालं तर विश्वास ठेवू नका. त्या काळात गल्लीतला प्रत्येक गनस्मिथ, म्हणजे बंदुकांचा कारागीर, ते करत होता.

दुसरा सुगावा सुट्या भागांवरच्या नावांचा. मागच्या साइटवर बो-मार लिहिलंय का बघा. ही कंपनी आपल्याच टेक्ससमध्ये, लाँगव्ह्यूला होती. तिच्या साइटसाठी स्लाइडमध्ये खोल खाच करावी लागते. त्या खाचेच्या कडा मला सगळ्यांत जास्त सांगून जातात. साइट आणि स्लाइड यांच्यात सगळीकडे सारखी, केसासारखी रेघ दिसली तर यंत्रावर बसलेला माणूस जाणकार होता. एका बाजूला फट, दुसरीकडे चिकटलेलं, कोपऱ्यात कानस घसरल्याचे ओरखडे असं असेल तर आतही तेच मिळणार. नळीवर बार-स्टो लिहिलेलं असेल तर ती नेमबाजांच्या विश्वासाची नळी आहे. तिथे कोल्टचीच मूळ नळी आणि बोटांसारख्या चिरा असलेलं मूळ बुशिंग (नळीचं पुढचं टोक धरणारं कडं) असेल, तर 'ॲक्युराइझ केलंय', म्हणजे नेम अचूक केलाय, हा दावा फारसा टिकत नाही. सिरीज ७० चं ते बुशिंग मोडायचं, एखादं बोट तुटून पिस्तूल अडकायचं, म्हणून जाणता गनस्मिथ आधी तेच बदलून एकसंध बुशिंग बसवत असे.

तिसरा सुगावा लपलेला असतो. ग्रिपचे, म्हणजे मुठीच्या दोन्ही बाजूंच्या पट्ट्यांचे, चार स्क्रू काढायला सांगा. बऱ्याच कारागिरांनी आपली अक्षरं, तारीख किंवा छोटा शिक्का ग्रिपखाली फ्रेमवर मारलेला असतो. स्लाइडचा खालचा भाग आणि मेनस्प्रिंग हाउसिंगची (मुठीच्या मागच्या बाजूच्या तुकड्याची) आतली बाजूही बघा. काही मिळालं आणि ते दुकान अजून चालू असेल, तर फोटो आणि नंबर पाठवून विचारा. शिक्का नाही, बिल नाही, पत्र नाही, अशा वेळी नावाचा एक पैसाही द्यायचा नाही.

आता जे मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं ते.

२०११ मध्ये एका गन शोमध्ये मी असंच एक १९११ घेतलं होतं. विकणाऱ्यानं एका मोठ्या गनस्मिथचं नाव सांगितलं. ट्रिगर इतका हलका आणि स्वच्छ सुटायचा की मी दुसरं काही तपासलंच नाही. तिसऱ्या शनिवारी क्लबात, रॅपिड फायरमध्ये, ट्रिगर एकदा ओढला आणि दोन गोळ्या सुटल्या. दुसरी टार्गेटच्या वरून मागच्या मातीच्या बंधाऱ्यात गेली. बंधारा उंच होता म्हणून काही झालं नाही. आमच्या क्लबातल्या एका निवृत्त मशिनिस्टनं ते उघडलं तेव्हा सीअरचं टोक, म्हणजे हॅमरला अडकवून धरणारा तो छोटा तुकडा, घासून घासून गोल झालेला होता. कुणीतरी घरी बसून ट्रिगर हलका केला होता. त्या रात्री मला झोप लागली नाही. म्हणून पुढचं नीट वाचा.

आधी मॅगझीन काढा, स्लाइड मागे ओढा, चेंबर डोळ्यांनी बघा आणि बोटानं चाचपा. दुकानदारालाही दाखवा. रिकाम्या चेंबरवर स्लाइड धाडकन सोडू नका. असं केल्यानं बारीक बसवलेला सीअर खराब होतो, आणि जाणकार दुकानदाराला ते अजिबात आवडत नाही. ट्रिगर ओढून बघण्याआधीही विचारा.

मग हॅमर चढवा, अंगठ्याची सेफ्टी लावा, ट्रिगर जरा जोरात दाबा आणि सोडा. हॅमर हलता कामा नये. आता सेफ्टी काढा, ट्रिगरला हात लावू नका. हॅमर पडला तर विषय संपला. नाही पडला तर पिस्तूल कानाजवळ धरून हॅमर अंगठ्यानं अगदी किंचित मागे ओढा. 'टिक' असा आवाज आला तर सेफ्टी लागलेली असतानाही सीअर सरकला होता आणि आता परत जागेवर बसला. मला हे माहीत असतं तर माझं ते पिस्तूल तिथल्या टेबलावरच राहिलं असतं. तळहातानं दाबली जाणारी ग्रिप सेफ्टीही अशीच तपासा: ती न दाबता ट्रिगर ओढला तर काही घडू नये. शेवटी डिसकनेक्टर, म्हणजे ट्रिगर एकदा ओढल्यावर एकच गोळी सुटू देणारा भाग: ट्रिगर ओढून हॅमर पाडा, ट्रिगर दाबूनच ठेवा, स्लाइड हातानं मागे नेऊन पुढे आणा. हॅमर चढलेलाच राहिला पाहिजे.

ट्रिगरचं वजन मोजायचा काटा बहुतेक दुकानांत असतो. बुल्सआयच्या नियमात .४५ ला किमान साडेतीन पौंड लागतात. काटा त्याच्या खाली दाखवत असेल तर ते पिस्तूल स्पर्धेत चालणार नाही, आणि नवशिक्याच्या हातात तर मुळीच देऊ नये.

बसणी तपासायला स्लाइड पूर्ण पुढे असताना इजेक्शन पोर्टमधून (रिकामी पुंगळी बाहेर पडते त्या खिडकीतून) दिसणारा नळीचा मागचा भाग अंगठ्यानं खाली दाबा. तो दबला, स्प्रिंगसारखा हलला, तर नळी नीट लॉक होत नाही. स्लाइड फ्रेमवर थोडी डुगडुगली तर मी नाक मुरडत नाही, कारण नेमाचा मोठा भाग नळी आणि बुशिंग यांच्या बसणीत असतो. नळीवरच्या लॉकिंग लगच्या, म्हणजे स्लाइडमध्ये अडकणाऱ्या उंचवट्यांच्या, कडा मात्र धारदार, चौकोनी हव्यात. गोल झालेल्या किंवा ठेचलेल्या असतील तर नवी नळी बसवावी लागेल. तडे शोधायला टॉर्च घेऊन जा: फ्रेमवर स्लाइड स्टॉपच्या छिद्राच्या वरचा भाग आणि स्लाइडवर इजेक्शन पोर्टचे कोपरे. हार्ड क्रोमखाली तडा लपू शकतो, म्हणून घाई करू नका.

एक प्रश्न दुकानदाराला हमखास विचारा: हे कोणत्या काडतुसासाठी बांधलंय? आमच्याकडे 'वॅड गन' आणि पूर्ण भरणीच्या काडतुसांची 'हार्डबॉल गन' असा फरक करतात. वॅड गन हलक्या भरणीच्या काडतुसांसाठी असते आणि तिची रिकॉइल स्प्रिंग मूळच्या १६ पौंडांपेक्षा हलकी ठेवतात. तीत दुकानात मिळणारी २३० ग्रेनची पूर्ण भरणीची काडतुसं उडवत राहिलात तर फ्रेमवर मार बसतो. उत्तर मिळालं नाही तर पहिल्याच दिवशी नवी १६ पौंडी स्प्रिंग टाका. चाळीस वर्षांची स्प्रिंग नाहीतरी बदलायचीच असते.

किमतीबद्दल माझा हिशोब असा: वापरलेल्या, रंग बदललेल्या सिरीज ७० ला तुमच्या भागात आज काय मिळतं ते चार दुकानांत बघा. मूळ फिनिश गेलं आणि स्लाइडमध्ये खाच पडली की संग्राहकाच्या लेखी त्याची किंमत उतरते, आणि ती परत येत नाही. त्यावर, ज्या भागांवर नाव वाचता येतं त्यांच्या नव्या किमतीच्या निम्मे धरा. मजुरीचे पैसे फक्त सगळ्या तपासण्या स्वच्छ निघाल्या तर. शंका असेल तर थोडे पैसे खर्च करून स्वतंत्र गनस्मिथकडून तपासून घेण्याची अट घाला. माझ्या त्या पिस्तुलाला नवा सीअर, नवा हॅमर आणि मजुरी धरून साडेतीनशे डॉलर लागले, आणि चार महिने ते कपाटातच पडून राहिलं.

एक राहिलंच. घेतलंत आणि रेंजवर जायला लागलात, तर ज्या बॅगेत काडतुसं ठेवाल ती बॅग भारतात जाताना कधीही वापरू नका. कप्प्यात विसरलेलं एक काडतूस मुंबई विमानतळावर सापडलं तरी १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली गुन्हा नोंदवला जाऊ शकतो.

ग्रिपखाली एखादा शिक्का दिसला तर त्याचा फोटो इथे टाका, सिरियल नंबर झाकून. मागच्या साइटच्या खाचेचा जवळून काढलेला फोटोही हवा. तो मला आधी बघायचा आहे.