मेनोपॉज, गायनॅक आणि वेदातील 'ग्ना'

आपण विचारले आहे की, आईच्या सोनोग्राफीच्या रिपोर्टवर 'पोस्टमेनोपॉझल', म्हणजे पाळी गेल्यानंतरची, असे लिहिले होते, त्यातील 'मेन' म्हणजे पुरुष असे एका व्याख्यानात ऐकले, ते खरे आहे का. 'गायनॅकॉलॉजी', म्हणजे स्त्रीरोगशास्त्र, हा शब्द आपल्या 'जनन'वरून निघाला असे म्हणतात, ते बरोबर आहे का. आणि या शब्दांना मराठीत काय म्हणावे.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर स्पष्ट नकारार्थी आहे. पुण्यात मार्च महिना उजाडला की महिला दिनाच्या निमित्ताने कोणत्या ना कोणत्या व्यासपीठावरून ही व्युत्पत्ती ऐकावी लागते. कोथरूडमधील एका दवाखान्यात तर भिंतीवरच्या रंगीत तक्त्यावर 'मेन अधिक पॉज' अशी फोड करून, पुरुषांपासून मिळालेली विश्रांती असा अर्थ छापलेला मी स्वतः वाचला आहे. ज्या बाईला रात्री घाम फुटून झोप लागत नाही, तिला तिच्या अवस्थेच्या नावाचा अर्थ तरी खरा सांगितला पाहिजे. ग्रीकमध्ये 'मेन' म्हणजे महिना आणि 'पाउसिस' म्हणजे थांबणे. या दोहोंवरून गार्दान या फ्रेंच वैद्याने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी हा शब्द घडवला. हा 'मेन' आणि आपला 'मास' एकाच मुळाचे आहेत, आणि फारसीतून आलेले 'महिना' व 'दरमहा' हेही त्याच घरातले आहेत. इंग्रजीतील पुरुषवाचक 'मेन' मात्र 'मनु'च्या कुळातला आहे, त्याचा येथे काही संबंध नाही.

आता गायनॅकॉलॉजीकडे वळतो, कारण खरा ठेवा तिथे आहे. 'गायनॅक' हे तोडलेले, अडाणी रूप आहे अशी काही भाषाप्रेमींची तक्रार असते, ती मला मान्य नाही. ग्रीकमध्ये स्त्रीला 'गुने' म्हणतात, पण विभक्तीचे प्रत्यय लागताना त्याचे अंग 'गुनाइक्' असे होते. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात एफेससच्या सोरानस या वैद्याने स्त्रियांच्या आरोग्यावर जो ग्रंथ लिहिला, त्याचे नावही 'गुनाइकेया' असेच आहे. म्हणजे आपल्या आयाबहिणी 'गायनॅककडे जायचे आहे' म्हणतात, तेव्हा त्या शब्द नेमका सांध्यावर तोडतात, क्‌सकट.

ही 'गुने' आपल्या वेदांत आहे. ऋग्वेदात देवपत्नींना 'ग्ना' म्हटले आहे आणि पत्नी या अर्थी 'जनि' हाही शब्द तेथे येतो. 'ग्ना', 'जनि' आणि 'गुने' एकाच मुळाच्या आहेत. एकाच धातूत 'ग' आणि 'ज' कसे, असे कोणी विचारील, तर त्याने 'गम्' म्हणजे जाणे या धातूचे 'जगाम', म्हणजे गेला, हे रूप आठवावे. तेथे द्वित्व होताना, म्हणजे आरंभीचा ध्वनी दोनदा येताना, पहिल्या 'ग'चा 'ज' झाला, कारण त्याच्यापुढे प्राचीन काळी 'ए'सारखा स्वर होता. 'ग्ना'मध्ये 'ग'पुढे स्वरच नाही, म्हणून तो टिकला, आणि 'जनि'मध्ये तो स्वर होता, म्हणून पालटला.

वैदिक शब्दांच्या व्युत्पत्ती सांगणाऱ्या प्राचीन यास्काचार्यांनी 'ग्ना' हा शब्द 'गम्' धातूवरून, ज्यांच्याकडे जातात त्या, असा लावला आहे. त्यांच्याविषयी पूर्ण आदर राखून मला म्हणावेसे वाटते की, ही व्युत्पत्ती शब्दाची नसून पुरुषाच्या दृष्टीची आहे, आणि अडीच हजार वर्षे ती मुकाट्याने पाठ केली गेली हे योग्य झाले नाही. जे आधुनिक लेखक 'जनि'ला 'जन्' म्हणजे जन्म देणे या धातूला बांधून 'गायनॅकॉलॉजी म्हणजे जननशास्त्र' असे सांगत फिरतात, त्यांची चूक अधिक मोठी आहे, कारण तुलनेची साधने त्यांच्या हाताशी आहेत. संस्कृतात हे दोन वेगळे मूळध्वनी 'ज'मध्ये मिसळून गेले, पण इतर भाषांनी ते वेगळे ठेवले: 'जनि'तला ध्वनी ग्रीकमध्ये बहुधा 'ब' होतो, 'जन्'मधला 'ग'च राहतो. आपला 'गो' ग्रीकमध्ये 'बूस' होतो, 'गम्'च्या जोडीला 'बाइनो' आहे, आणि ग्रीकच्याच बीओशियन बोलीत स्त्रीला 'बाना' म्हणत. उलट 'जन्'चा ग्रीक भाऊ 'गेनोस', म्हणजे वंश, त्यात 'ब' कोठेही येत नाही. इंग्रजीतही 'ग्ना'ची बहीण 'क्वीन' आहे आणि 'जन'चा भाऊ 'किन', म्हणजे नातलग, आहे. स्त्रीचे हे नाव मूल जन्माला घालण्याच्या क्रियेवरून पडलेले नाही. ती आधी स्त्री आहे, आई नंतर, हे भाषेने हजारो वर्षे जपलेले आहे, आणि मला हे फार मोलाचे वाटते.

यातील सर्वांत आनंदाची गोष्ट अशी की, या मुळाचा एक शब्द आपण मराठीत रोज वापरतो. इराणमध्ये 'जनि'चे 'झन' झाले, त्यावरून 'जनाना', आणि तो फारसीतून मराठीत आला. जनानखान्यातला 'जनाना' आणि दवाखान्यातली 'गायनॅक' या सख्ख्या नसल्या तरी चुलत बहिणी निश्चित आहेत. एक ग्रीसहून युरोपमार्गे आली आणि दुसरी इराणहून.

'हिस्टेरिया'विषयी दोन वाक्ये लिहितो, कारण रागावलेल्या बाईला 'हिस्टेरिक' म्हणण्याची खोड पुण्यातही आहे. 'हुस्तेरा' म्हणजे गर्भाशय; तो शरीरात भटकतो आणि त्यामुळे बायका बिघडतात, अशी प्राचीन ग्रीकांची समजूत होती. सोरानसने ती त्याच काळी खोडून काढली, आणि अमेरिकी मनोविकारांच्या अधिकृत वर्गीकरणाने 1980 साली ते निदानच वगळले. आपल्या कोशांतील 'योषापस्मार' हा प्रतिशब्दही आता सोडून द्यावा. 'हिस्टरेक्टमी'त, म्हणजे गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियेच्या नावात, मात्र 'हुस्तेरा' योग्य अर्थाने उरली आहे. या शब्दाची सांगड आपल्या 'उदरा'शी घालणारे अभ्यासक आहेत, काहींना ती पटत नाही. मला ती पटते, कारण 'तिच्या उदरी जन्म घेतला' या वाक्यात मराठीनेही पोट आणि गर्भाशय यांत भेद केलेला नाही.

मराठी प्रतिशब्दांचा आपला प्रश्न राहिला. 'रजोनिवृत्ती' हा शब्द निर्दोष आहे, फक्त तो 'राजोनिवृत्ती' असा लिहू नये. पण आमच्या शेजारच्या काकूंनी मागच्या आठवड्यात डॉक्टरांना सांगितले, 'माझी पाळी जाऊन सहा वर्षे झाली', आणि डॉक्टरांना दुसरा प्रश्न विचारावा लागला नाही. पहिल्या वेळेला 'न्हाण येणे' आणि शेवटाला 'पाळी जाणे', हे शब्द आपल्या आईजवळ बोलताना वापरावेत.