सीसीएनए (सिस्को कंपनीची नेटवर्किंगची परीक्षा) करतोय, पण क्लाउड आणि ऑटोमेशनमुळे नेटवर्क इंजिनिअरचं काम संपणार का? रोज नेमकं काय करावं लागतं?

तुमचे प्रश्न दोन आहेत: हे काम टिकणार का, आणि दिवसभर करतात काय. दुसऱ्याचं उत्तर आधी देते, पहिल्याचं त्यातून निघेल.

कोर्स करताना वाटतं की दिवस स्विच-राउटर कॉन्फिगर करण्यात जात असेल. खरा वेळ जातो तो ‘नेटवर्क स्लो आहे’ एवढ्याच टिकेटमागे (तक्रारीच्या नोंदीमागे) काय आहे ते शोधण्यात. कुठून कुठे जाताना स्लो, किती वाजल्यापासून, सगळ्यांना की एकालाच, यातलं काहीही त्यात लिहिलेलं नसतं. डेटाबेसची क्वेरी चार सेकंद घेत असली तरी पहिलं बोट आपल्याकडे, आणि आपला दोष नाही हे सिद्ध करायचं तेही आपणच. चिडून उपयोग नसतो. पॅकेट कॅप्चर (वायरवरून जाणाऱ्या डेटाच्या तुकड्यांची, म्हणजे पॅकेटांची नोंद) घ्यायचं आणि दाखवायचं: सिन (जोडणीची विनंती) गेल्यावर तिचा होकार म्हणजे सिन-अ‍ॅक २ मिलिसेकंदांत आलं, रिक्वेस्ट पोचल्याचं अ‍ॅकही लगेच आलं, पण उत्तराचा पहिला बाइट यायला चार सेकंद लागले. म्हणजे पॅकेट वाटेत अडकत नाहीये, सर्व्हर विचार करत बसलाय. हे स्क्रीनवर दिसलं की वाद तिथेच मिटतो.

गंमत म्हणजे यासाठी लागणारी टूल्स जुनीच आहेत. समोरचं मशीन उत्तर देतं का आणि किती वेळात ते बघणारं पिंग माइक मूस यांनी १९८३ च्या डिसेंबरात लिहिलं. पॅकेट कॅप्चर उलगडून दाखवणारं वायरशार्क १९९८ साली इथेरिअल या नावाने आलं. त्याआधीपासूनची ट्रेसराउट (वाटेतले राउटर दाखवणारं) आणि टीसीपीडम्प (पॅकेट पकडणारं) आजही रोज चालतात. फक्त ती वाचता आली पाहिजेत. ट्रेसराउटमध्ये मधल्याच एखाद्या हॉपवर (वाटेतल्या राउटरवर) २०० मिलिसेकंद दिसले की नवखे लोक लगेच तो राउटर पकडतात. पण पुढच्या सगळ्या हॉपना १५ मिलिसेकंदच लागत असतील, तर त्या राउटरमध्ये काही बिघाड नाही. पॅकेट पुढे ढकलणं हे त्याचं मुख्य काम, ते हार्डवेअरमध्ये होतं. तुमच्या चौकशीला उत्तर देणं हे त्याच्या सीपीयूचं काम, आणि त्याला तो कमी महत्त्व देतो. शिवाय पॅकेट परत कोणत्या वाटेने आलं ते ट्रेसराउटमध्ये दिसतच नाही. इंटरनेटवर जायची आणि यायची वाट बऱ्याचदा वेगळी असते, म्हणून शक्य असेल तर दोन्ही टोकांकडून ट्रेस घ्यायचा.

मला सगळ्यात आवडणारा बिघाड एमटीयूचा, म्हणजे लिंकवर मावणाऱ्या सगळ्यात मोठ्या पॅकेटच्या मापाचा. पिंग व्यवस्थित, लॉगिन होतंय, पण फाइल कॉपी करायला घेतली की सगळं गोठतं. मध्ये कुठेतरी टनेल असतो, म्हणजे एक पॅकेट दुसऱ्या पॅकेटमध्ये गुंडाळून नेणारी वाट. जीआरई प्रकारचा टनेल प्रत्येक पॅकेटमागे २४ बाइट खातो, त्यामुळे १५०० पैकी आत १४७६ च मावतात. पाठवणारा १५०० चं पॅकेट ‘तुकडे करू नका’ असा शिक्का मारून पाठवतो. राउटर ते टाकून देतो आणि ‘मोठं झालं, लहान करून पाठव’ असा निरोप आयसीएमपीने (नेटवर्कचे निरोप नेणारा प्रोटोकॉल, पिंगही त्यातूनच जातं) परत पाठवतो. आणि मध्ये कुणीतरी सुरक्षेच्या नावाखाली फायरवॉलवर पिंग सोडून बाकी सगळं आयसीएमपी बंद करून ठेवलेलं असतं! निरोप पोचत नाही, पाठवणारा तेच पॅकेट पुन्हा पुन्हा पाठवत बसतो. साधं पिंग लहान असतं म्हणून पार होतं. तुकडे न करण्याचा शिक्का मारून १४७२ बाइटचं पिंग करा (हेडरचे २८ धरून १५०० होतात), लगेच कळेल. उपाय म्हणजे तो आयसीएमपी निरोप सोडणं किंवा टनेलवर टीसीपीचा एमएसएस (एका पॅकेटमधल्या डेटाची कमाल मर्यादा) कमी करणं. हे तुम्हाला मुलाखतीत विचारतील न विचारतील, नोकरीत मात्र भेटेलच.

आता ऑटोमेशन. हो, एकेका डिव्हाइसवर लॉगिन करून कमांड टाइप करणं कमी होत चाललंय. पायथनमध्ये नेटमिको (डिव्हाइसवर कमांड पाठवणारी लायब्ररी), नाहीतर तेच काम करणारं अ‍ॅन्सिबल, कॉन्फिग गिटमध्ये (बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या टूलमध्ये), कोणता आयपी कुठे आहे याची नोंद नेटबॉक्समध्ये, ही आता नेहमीची मांडणी झाली आहे. (खूप ठिकाणी ती नोंद अजून एका एक्सेल शीटमध्ये असते आणि ती शीट शेवटची कधी बदलली हे कुणालाच माहीत नसतं. अशा ठिकाणी अ‍ॅन्सिबल आणण्याआधी ती नोंद सरळ करा, नाहीतर चुकीची माहिती फक्त जास्त वेगाने पसरेल.) टिकेट आलं, पोर्टवर व्हीलॅन (एकाच स्विचवरचं वेगळं केलेलं नेटवर्क) टाकला, टिकेट बंद केलं, एवढंच ज्यांचं काम आहे त्यांच्या जागा कमी होतायत, यात लपवण्यासारखं काही नाही.

पण एक उदाहरण बघा. सिस्कोच्या स्विचवर ट्रंकमध्ये (अनेक व्हीलॅन नेणाऱ्या लिंकमध्ये) व्हीलॅन ३० वाढवायचा आहे. ‘अलाउड व्हीलॅन’ नंतर ‘अ‍ॅड’ हा शब्द राहिला, तर ३० वाढत नाही. आधीचे सगळे जाऊन एकटा ३० उरतो. हाताने केलं तर एक ट्रंक पडेल. स्क्रिप्टने केलं तर मिनिटाभरात शेकडो स्विच. ४ ऑक्टोबर २०२१ ला फेसबुक सुमारे सहा तास बंद होतं, ते असंच. नेहमीच्या देखभालीत बॅकबोनची (डेटा सेंटर जोडणाऱ्या मुख्य नेटवर्कची) क्षमता तपासायला दिलेल्या एका कमांडने सगळा बॅकबोनच तुटला. अशी कमांड अडवणारं ऑडिट टूल होतं, पण त्यातच बग होता. डेटा सेंटरशी संपर्क नाही हे पाहून डीएनएस सर्व्हरनी (नावावरून पत्ता सांगणाऱ्या) आपले बीजीपी रूट (आपल्यापर्यंतची वाट इंटरनेटला सांगणाऱ्या घोषणा) मागे घेतले आणि फेसबुक इंटरनेटवरून नाहीसं झालं. दुरून लॉगिन होईना, माणसं डेटा सेंटरमध्ये पाठवावी लागली. पुढच्या वर्षी, ८ जुलै २०२२ ला, कॅनडात रॉजर्स या टेलिकॉम कंपनीचं नेटवर्क राउटरवरचा एक फिल्टर काढल्याने कोसळलं, आणि तिथेही दुरुस्तीला जायची वाट त्याच कोसळलेल्या नेटवर्कमधून जात होती.

म्हणून मी कुठल्याही नव्या टीममध्ये आधी हे विचारते की मुख्य नेटवर्क पूर्ण मेलं तर राउटरच्या कन्सोलपर्यंत (थेट जोडणीच्या पोर्टपर्यंत) पोचायची वेगळी वाट आहे का. आणि बदल करताना परत फिरण्याची सोय आधी: जुनिपर कंपनीच्या राउटरवर ‘कमिट कन्फर्म्ड’ दिलं की १० मिनिटांत दुजोरा न मिळाल्यास कॉन्फिग आपोआप मागे जातं. सिस्कोच्या जुन्या पठडीत कॉन्फिग सेव्ह न करता ‘रीलोड इन १०’ लावून ठेवतात. लॉगिन तुटलं तरी दहा मिनिटांनी डिव्हाइस जुन्या कॉन्फिगवर उठतं. सगळं ठीक झालं की तो रीलोड रद्द करायचा तेवढा विसरू नका.

जगण्याबद्दल: चेंज विंडो (बदल करायला मिळणारी वेळ) रात्रीच मिळते. बदल दहा मिनिटांचा, पण आधीची आणि नंतरची तपासणी तासभर. बीजीपीचे शेजारी किती, रूट किती, कोणते इंटरफेस अप, हे आधी फाइलमध्ये घ्यायचं आणि नंतर जुळवायचं. ऑन-कॉल (पाळीने रात्री-अपरात्री फोनला हजर राहणं) हा खरा त्रासाचा भाग. नोकरी घेताना पगाराइतक्याच मोकळेपणाने विचारा: रोटेशनमध्ये किती जण आहेत, आणि रात्री उठावं लागलं तर दुसऱ्या दिवशी सुट्टी मिळते का. रोटेशनमध्ये दोघेच असतील तर मी ती नोकरी घेणार नाही.

क्लाउडमुळे नेटवर्क संपत नाही, त्याची वायर फक्त दिसेनाशी होते. रूट टेबल, फायरवॉलचे नियम, दोन कंपन्या एकत्र आल्यावर दोघींनी वापरलेली तीच १० ने सुरू होणारी अ‍ॅड्रेस रेंज, हे सगळं तिथेही आहेच. एआयच्या जीपीयू क्लस्टरमुळे तर डेटा सेंटर नेटवर्किंगला पुन्हा भाव आलाय. तिथे एक पॅकेट गळलं तरी महागडे जीपीयू वाट बघत बसतात. चॅटबॉटकडून कॉन्फिगचा कच्चा खर्डा मीही घेते, पण त्या व्हर्जनमध्ये नसलेल्या कमांड तो बिनधास्त लिहून देतो, तेव्हा लॅबमध्ये चालवल्याशिवाय काही लावत नाही.

तेव्हा सीसीएनए पूर्ण करा, सोबत लिनक्स आणि कामापुरतं पायथन शिका. कंटेनरलॅबमध्ये (लॅपटॉपवर नेटवर्क उभं करणाऱ्या टूलमध्ये) एफआरआरचे (मोफत राउटर सॉफ्टवेअरचे) तीन राउटर उभे करा, त्यांच्यात बीजीपी लावा, मग मुद्दाम मधल्या लिंकचा एमटीयू १४०० करा, आयसीएमपी अडवा आणि मोठी फाइल पाठवून दोन्ही टोकांना कॅप्चर घ्या. त्यातलं काही कळलं नाही तर कॅप्चरमध्ये काय दिसतंय ते इथे लिहा, मी बघते.