पहिलं स्मार्ट उपकरण घेताना

सुरुवात एका स्मार्ट प्लगने (वायफायवर, फोनमधून चालू-बंद करता येणारा प्लग) करा, अख्खं घर एकदम जोडायला जाऊ नका. प्लग जोडला जात नसेल तर बहुतेक वेळा दोष त्याचा नसतो: असे बरेच प्लग फक्त २.४ गिगाहर्ट्झचं वायफाय ओळखतात आणि फोन असतो ५ वर. राउटरमध्ये दोन्ही बँडना वेगळी नावं द्या, फोन २.४ वर आणा, दिवा भराभर लुकलुकेपर्यंत प्लगचं बटण दाबून धरा, मग अ‍ॅपमधून जोडा.

३,००० वॅटचा गिझर २३० व्होल्टवर १३ अँपिअर ओढतो. १० अँपिअरचा प्लग तापून वितळू शकतो. १६ चाच घ्या.

भिंतीतला स्विच बदलून स्मार्ट स्विच बसवण्याआधी बोर्डात न्यूट्रल वायर (वीज परत नेणारी तार, बऱ्याच स्मार्ट स्विचना ती लागते) आहे का, ते वायरमनकडून बघून घ्या. आणि स्मार्ट बल्बचं भिंतीवरचं बटण कायम चालू. घरातलं कुणीतरी सवयीने ते बंद करतंच, मग अ‍ॅपमध्ये बल्ब ऑफलाइन!