रविवारची डोकेदुखी: पित्त की सुटलेला चहा?

दिवसाला सात कप चहा, रविवारी उशिरा उठलं की कपाळ ठणकतं, आणि मागे एकदम सोडला तेव्हा दुसऱ्या दिवशी मळमळून आडवं व्हावं लागलं. हे पित्त आहे का, असं तुम्ही विचारलंय. वर्णनावरून तरी पित्त वाटत नाही. शेवटच्या कपानंतर १२ ते २४ तासांत डोकं धरणं, दुसऱ्या दिवशी त्रास सर्वात जास्त असणं, सोबत मळमळ, चिडचिड, अंग मोडून येणं, ही चहातलं कॅफीन, म्हणजे तरतरी आणणारा घटक, सुटल्याची लक्षणं आहेत. मळमळ असते म्हणून घरोघरी त्याला पित्त म्हणतात आणि अ‍ॅसिडिटीची गोळी घेतात. तिने डोकं उतरत नाही, चहाने अर्ध्या-पाऊण तासात उतरतं.

तुमच्याच वेळा मोजून बघा. एरवी संध्याकाळी सातचा चहा आणि सकाळी सहाचा, म्हणजे ११ तास. रविवारी नऊला उठलात की तेच अंतर १४ तासांचं होतं.

दिवसभर मेंदूत अ‍ॅडेनोसिन हे रसायन साठत जातं आणि झोप आणतं. ते जिथे चिकटतं त्या जागा कॅफीन अडवून ठेवतं. रोज अडवलं की मेंदू तशा जागा वाढवतो. मग कॅफीन उतरलं की एकाच वेळी भरपूर अ‍ॅडेनोसिन चिकटतं, डोक्यातल्या रक्तवाहिन्या रुंदावतात आणि ठणका सुरू होतो. रोज १०० मिलिग्रॅम, म्हणजे दोन-तीन कप चहा घेणाऱ्यालाही हे होऊ शकतं.

दोन ग्रॅम सीटीसी (नेहमीची दाणेदार) चहा पावडर, म्हणजे साधारण एक सपाट चमचा, नीट उकळली की अंदाजे ४० ते ६० मिलिग्रॅम कॅफीन उतरतं. दुधाने ते कमी होत नाही. तुमचे सात कप ३०० ते ४०० च्या घरात जातात. निरोगी प्रौढाला दिवसाला ४०० पर्यंत चालतं, असं युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१५ साली सांगितलं. गरोदर बाईला २०० च. म्हणजे प्रमाण भयंकर नाही, पण सवय पक्की आहे. म्हणून एकदम तोडू नका.

पहिला आठवडा काहीही कमी करू नका, फक्त वेळा बांधा. रविवारीसुद्धा पहिला कप रोजच्याच वेळेला घ्या, मग हवं तर पुन्हा झोपा. नंतर संध्याकाळचा कप काढा. कॅफीन अर्धं व्हायला सरासरी पाच तास लागतात, त्यामुळे सातचा चहा रात्री बारालाही निम्मा अंगात असतो. त्या जागी गवतीचहा-आल्याचा काढा दूध घालून घ्या, त्यात कॅफीन नसतं. ग्रीन टी मात्र चालणार नाही, तोही चहाच आहे. पुढे दर चार-पाच दिवसांनी एक कप, किंवा पाहुण्यांत-ऑफिसात नाही म्हणणं जमत नसेल तर तेवढी पावडर कमी करा. चमचा सपाट करून मोजा. शिगोशिग चमच्यात जवळपास दुप्पट पावडर बसते आणि सगळा हिशेब तिथेच फसतो. सकाळचा कप सर्वात शेवटी. डोकं धरलं तर मागे जाऊन काढलेला पूर्ण कप पुन्हा पिऊ नका, अर्धा कप घ्या आणि त्याच पायरीवर आणखी चार दिवस थांबा.

बहुतेकांचं गणित गोळीमुळे बिघडतं. डोकेदुखीच्या कित्येक गोळ्यांत ३० ते ५० मिलिग्रॅम कॅफीन असतं. चहा कमी करायचा आणि दुखलं की ती गोळी घ्यायची, म्हणजे कॅफीन चालूच राहिलं. पाकिटामागचे घटक वाचा. लागलीच तर साधी पॅरासिटामॉल घ्या, तीही क्वचित. महिन्यात १० दिवस किंवा जास्त अशा कॅफीन मिसळलेल्या गोळ्या घेत राहिलात तर गोळीमुळेच डोकेदुखी जडू शकते.

थायरॉईडची गोळी चालू असेल तर ती आणि चहा यांत निदान अर्धा तास, जमल्यास तासभर अंतर हवं, नाहीतर औषध नीट शोषलं जात नाही. हिमोग्लोबिन कमी असेल तर जेवणाला लागून चहा नको; त्यातलं टॅनिन लोह अडवतं.

चहा रोजच्या वेळेवर घेऊनही डोकं दुखत राहिलं तर अर्धशिशी किंवा रक्तदाब तपासून घ्या. आणि दुखणं अचानक, आजवर कधी नव्हतं इतकं तीव्र असेल, ताप येऊन मान ताठली असेल, किंवा हात-पाय, बोलणं, नजर यात फरक जाणवला, तर चहाचा विचार सोडून लगेच दवाखाना गाठा.