पाच खणी सोपा म्हणजे पाच खोल्या नव्हेत

प्रश्न असा आलाय: वाईच्या मधल्या आळीतल्या एका वाड्याच्या जुन्या खरेदीखतात 'दोन चौकी वाडा, पाच खणी सोपा' असं लिहिलंय, म्हणजे दोन चौक्या आणि पाच खोल्या का?

नाही. हल्ली वाडे दाखवत फिरणारी मंडळीही खणाला बिनदिक्कत खोली म्हणतात, आणि दर वेळी चीड येते. सोप्याला खोल्या कसल्या? सोपा म्हणजे वाड्यातली ओसरी, चौकाच्या (आतल्या मोकळ्या अंगणाच्या) बाजूने सताड उघडी. दोन खांबांमधलं अंतर म्हणजे एक खण. जोत्यावर उभं राहायचं आणि तळखड्यांवरचे (खांबाखालच्या दगडांवरचे) खांब मोजायचे, भिंतीत अर्धे बुजलेले दोन्ही टोकांचे धरून. सहा भरले की खण पाच. खांबांवरची आडवी सागवानी तुळई मधे न झुकता जेवढं पेलेल, तेवढाच खण रुंद. सुताराचं माप ते. खरेदीखतात आलं ते त्याच्याच तोंडून.

खणण्याचा खण वेगळा, तो सोडून देऊ. खरी गंमत पुढे आहे. संस्कृत 'खण्ड' म्हणजे तुकडा. सोप्याचा एक तुकडा तो खण, टेबलाचा कप्पा तो खण, आणि ओटी भरताना नारळासोबत देतात तो एका चोळीपुरता कापडाचा तुकडा, तोही खणच! तिन्ही एकाच खंडाची लेकरं, असं माझं ठाम मत आहे.

काही जाणकार टेबलाचा खण फारसी 'खाना'वरून आणतात. ते मुळीच पटत नाही. कारखाना, दवाखाना, जामदारखाना. मराठीने हा शब्द घेतला तो अख्खा घेतला, त्यातला 'न' कुठेही 'ण' झाला नाही. मग एका टेबलापुरताच का व्हावा? दुसरा आक्षेप जास्त वजनाचा: मंडपाचा मांडव झाला, भांडाचं भांडं झालं, तिथे 'ड' टिकला, मग इथेच कसा गळला? त्यांनी हिंदीतला 'खन' पाहावा. घराचा मजला या अर्थाचा तो शब्द खण्डावरूनच आलाय, आणि 'ड' तिथेही गळलाय. घर तेच, तुकडे पाडणंही तेच. हिंदीने आडवे मोजले, मराठीने उभे. एवढा पुरावा असताना फारसीकडे धावायचं कारण काय?

हां, चौकी राहिली. ती पहाऱ्याची चौकी नव्हे, 'चौक असलेला' असं विशेषण आहे. मेणवलीचा नाना फडणवीसांचा वाडा सहा चौकी, म्हणजे आत सहा चौक. तुमच्या खरेदीखतातल्या वाड्याला दोन.